आधी टिपलं, मग पाहिलं

पॅरिसमध्ये रू द ला पे या रस्त्याच्या कोपऱ्यावर ओतेल द दूव्र नावाचं एक हॉटेल होतं. १८४३च्या मे महिन्यात एका इंग्रज पाहुण्याने त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत कॅमेरा मांडला आणि समोरच्या रुंद बुलेव्हारचं चित्र कागदावर उतरवून घेतलं. पाहुण्याचं नाव विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट. पुढच्या वर्षी लंडनच्या लाँगमन प्रकाशनसंस्थेने त्याचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक भागाभागाने काढायला घेतलं. त्यातलं हे दुसरं चित्र. जून १८४४ ते एप्रिल १८४६ या काळात पुस्तकाचे सहा भाग निघाले. चित्रं एकूण २४, आणि प्रत्येक चित्र म्हणजे पानावर हाताने डकवलेलं खरंखुरं छायाचित्र. आदल्या वर्षी ॲना ॲटकिन्स या वनस्पतींच्या अभ्यासक बाईंनी शैवालांच्या निळ्या छायामुद्रांचं पुस्तक सुरू केलं होतं, पण ते ओळखीपाळखीच्यांना भेट देण्यापुरतं. छायाचित्रांचं पुस्तक दुकानात विकायला ठेवण्याचं धाडस पहिल्यांदा केलं ते टॅल्बटने.

ते बुलेव्हारचं चित्र पहिल्या नजरेत फारसं काही देत नाही. तपकिरी छटा, उंच घरांची रांग, मोकळा वाटणारा रस्ता. पण समोरच्या पानावर टॅल्बटने जो मजकूर लिहिलाय तो वाचून पुन्हा चित्राकडे वळावं, म्हणजे त्यातलं एकेक उलगडायला लागतं. तो सांगतो, वेळ दुपार उलटल्यानंतरची आहे. कशावरून? खांबांनी सजवलेल्या एका इमारतीचा दर्शनी भाग सावलीत गेलाय, पण तिच्या खिडकीची एकच झडप उघडी राहिलीय आणि ती पुढे आल्यामुळे तेवढ्याच झडपेवर ऊन पडलंय. हवा उष्ण आहे, धूळ आहे, म्हणून रस्त्यावर नुकतंच पाणी मारलंय. ओल्या जागेचे दोन पट्टे दिसतात आणि ते अलीकडे येऊन एक होतात. ते का एक झाले? कारण रस्त्याची दुरुस्ती चालू आहे, हातगाड्या तिथेच पडल्यात आणि पाण्याच्या गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला जावं लागलंय. कडेला भाड्याच्या घोडागाड्या गिऱ्हाइकाची वाट पाहत रांगेने उभ्या आहेत. दूर उजवीकडे एकच गाडी वेगळी थांबलीय. आणि क्षितिजावर धुराड्यांचं रान माजलंय.

हे वर्णन नव्हे, हा तर्क आहे. खुणा समोर ठेवून माणूस मागे मागे जातोय. हातात पेन्सिल घेऊन हे दृश्य रेखाटणाऱ्या चित्रकाराला असा तर्क करावा लागला नसता, कारण त्याने जे काढलं ते आधी पाहिलेलं असतं, निवडलेलं असतं. त्या झडपेवरचं ऊन चित्रकाराच्या चित्रात आलं असतं तर ते त्याला हवं होतं म्हणूनच आलं असतं. टॅल्बटच्या बाबतीत क्रम उलटलाय. आधी कागदाने टिपलं, मग त्याने पाहिलं. चित्र करणारा माणूस आपल्याच चित्राचा वाचक झाला आणि मला वाटतं, हे पुस्तक आजही इतकं ताजं राहिलंय ते या नव्या भूमिकेतल्या त्याच्या उत्सुकतेमुळे. छायाचित्रणाचे उपयोग काय, याचं तयार उत्तर त्याच्याजवळ नाही. तो एकेक चित्र समोर ठेवतो, त्यात काय काय आलंय ते निरखतो आणि उपयोग त्यातून शोधत जातो.

हा माणूस मुळात गणिती. वनस्पतिशास्त्र, प्रकाशशास्त्र, प्राचीन भाषा अशा अनेक विषयांत त्याला गती होती, पुढे क्यूनिफॉर्म लिपीच्या वाचनातही त्याने नाव मिळवलं. चित्रकला तेवढी त्याला साधली नाही. ऑक्टोबर १८३३ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठी तो कॅमेरा ल्युसिडा या लोलकाच्या साधनाने दृश्य रेखाटू पाहत होता. लोलकातून डोळा काढला की कागदावर उरायच्या त्या नुसत्या केविलवाण्या रेघा. तेव्हा त्याच्या मनात आलं, कॅमेरा ऑब्स्क्युरा या अंधाऱ्या पेटीतल्या कागदावर पडणारी ती सुंदर पण क्षणभराची प्रतिमा आपली आपणच कागदावर उमटली आणि टिकली तर? विल्टशरमधल्या लॅकॉक ॲबी या आपल्या घरी परतल्यावर १८३४ मध्ये त्याने प्रयोग सुरू केले. साधं मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या लेपाने कागद प्रकाशाला संवेदनशील होतो, एवढ्यावर त्याने सुरुवात केली. ऑगस्ट १८३५ मधलं घरातल्या जाळीदार खिडकीचं त्याचं टिकलीएवढं निगेटिव्ह आजही शाबूत आहे. जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसहून दागेर या फ्रेंच संशोधकाच्या छायाचित्रणाच्या शोधाची बातमी आली आणि टॅल्बटला आपलं काम घाईने जगापुढे मांडावं लागलं. ३१ जानेवारीला रॉयल सोसायटीत त्याचा निबंध वाचला गेला. दागेरची चांदी चढवलेली तांब्याची पाटी तपशिलाला आरशासारखी लख्ख होती, पण ती एकुलती एक. टॅल्बटच्या कागदी निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत. पुस्तक काढण्याची कल्पना त्यालाच सुचावी हे ओघानेच आलं.

तिसरं चित्र चिनी मातीच्या भांड्यांचं आहे. काळ्या पार्श्वभूमीवर चार फळ्या, त्यांवर पेले, बश्या, किटल्या, लहान लहान पुतळे, सगळं ओळीने मांडलेलं. घरात पुरेसा उजेड नसल्यामुळे असली मांडणी लॅकॉकच्या अंगणात उन्हात होत असे. मांडणीत कसलीही कलाकुसर नाही. एक वस्तू दुसरीवर चढत नाही, कुणाला मोठेपणा नाही. सौंदर्य पाहायला आलेला माणूस इथून निराश होऊन पुढे जाईल. पण टॅल्बटचा मुद्दा वेगळाच आहे. संग्राहकाला आपल्या चिनी मातीच्या भांड्यांची यादी लिहायची झाली तर किती वेळ लागेल, आणि आकार जितके चमत्कारिक तितकं शब्दांनी सांगणं अवघड! कॅमेऱ्याला मात्र एक भांडं आणि अख्खं कपाट दोन्ही सारखीच. याच्या पुढे जाऊन तो म्हणतो की समजा, चोराने हा ऐवज पळवला आणि हे मुकं चित्र कोर्टात पुरावा म्हणून पुढे आलं, तर तो पुरावा नव्याच प्रकारचा ठरेल. न्यायाधीश आणि ज्यूरी त्यावर काय म्हणतील ते कायदेपंडितांनी ठरवावं, असं सांगून तो थांबतो.

पंचनाम्याला जोडलेले फोटो, विम्याच्या दाव्यासोबतचे फोटो, संग्रहालयाच्या नोंदवहीतले क्रमांक घातलेले फोटो यांची आज आपल्याला इतकी सवय झालीय की त्या एका परिच्छेदातली झेप लक्षातच येत नाही. कागदी छायाचित्र जगापुढे येऊन पाच वर्षं झाली होती. कोर्टात त्याचं काय करायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. टॅल्बटने मात्र कपबश्यांच्या चार फळ्यांकडे पाहून तो प्रश्न ओळखला. आणि त्यासाठी चित्र असंच कोरडं असायला हवं होतं. वस्तू कलात्मक रीतीने मांडल्या असत्या, एखादा पेला दुसऱ्यामागे लपला असता, तर पुरावा म्हणून त्याची किंमत गेली असती. इथे रुक्षपणा हाच चित्राचा गुण आहे.

आठव्या चित्रात दोन फळ्यांवर पुस्तकं आहेत. शीर्षक ग्रंथालयातल्या दृश्याचं असलं तरी हेसुद्धा बाहेर उजेडात घेतलेलं. पाठींवरची नावं वाचता येतात. प्राचीन इजिप्तच्या लोकांच्या चालीरीतींवरचा ग्रंथ आहे, लांत्सीचा इटालियन चित्रकलेचा इतिहास आहे. मालकाचा चेहरा न दाखवता त्याची ओळख करून देणारं चित्र, असं त्याचं कौतुक अनेकांनी केलंय आणि ते रास्तच आहे. पण समोरच्या पानावर टॅल्बट पुस्तकांविषयी अवाक्षर काढत नाही. तो सूर्याच्या वर्णपटाकडे वळतो. जांभळ्या रंगाच्या पलीकडे डोळ्याला न दिसणारे किरण असतात आणि ते रसायन लावलेल्या कागदावर परिणाम करतात. तर मग एका बंद खोलीत फक्त तेच किरण सोडले, तर माणसांना एकमेकं दिसणार नाहीत, पण कॅमेऱ्याला ती दिसतील. काळोख्या खोलीतलं गुपित त्या कागदाने चव्हाट्यावर आणलं, अशी घटना एखाद्या कादंबरीत किती रंगेल, असंही तो सुचवतो.

चित्र आणि मजकूर यांचा इथे मेळ बसत नाही, आणि तो ओढूनताणून बसवण्याची गरजही मला वाटत नाही. चित्रातली पुस्तकं माणसाचं आजवरचं ज्ञान सांगतात आणि माणूस मात्र न दिसणाऱ्या प्रकाशाकडे डोळे लावून बसलाय, एवढं पुरेसं आहे. डोळ्याला जे दिसतं तेच कॅमेरा अधिक चोख उतरवतो, असं तेव्हा बहुतेक लोक समजत होते. टॅल्बटला वेगळी शंका आलीय. कॅमेऱ्याचं पाहणं हे मुळात आपलं पाहणंच नसेल तर? पुस्तकातल्या सगळ्या विधानांत मला हे सर्वांत धाडसी वाटतं.

आता सहावं चित्र, ‘द ओपन डोअर’. पुस्तकातलं हे सर्वांत गाजलेलं चित्र, आणि त्यावर जितका वेळ घालवावा तितकं ते देत जातं. लॅकॉकच्या तबेल्याची दगडी चौकट. लाकडी दार अर्धवट उघडं. काड्यांचा खराटा चौकटीला तिरका टेकून ठेवलेला, त्याचं तोंड खाली उंबऱ्याशी. भिंतीला एक कंदील आणि घोड्याचा लगाम टांगलेला. दगडांवर वेल चढलेली. दाराच्या फळ्यांवर एक तिरपी सावली पडलीय आणि ती खराट्याच्या दांड्याला जवळजवळ समांतर आहे. ही समांतर रेषा लक्षात आली की खराटा तिथे कुणी विसरून गेलेला नाही हे उघड होतं. तो त्या जागी, त्या कोनात, सूर्याची ती वेळ साधून ठेवलाय. आतला काळोख पहिल्यांदा सपाट काळा वाटतो. डोळा थोडा स्थिरावला की त्यात पलीकडची खिडकी अंधूक उमटते, आणि मघाशी भिंतीसारखं वाटणारं चित्र एकदम खोल होतं.

हे चित्र टॅल्बटने एका बैठकीत साधलेलं नाही. हाच विषय त्याने १८४१ मध्येही घेतला होता आणि त्याच्या आईने, लेडी एलिझाबेथ फील्डिंग यांनी, त्या आधीच्या चित्राला ‘खराट्याचं स्वगत’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. त्या बाईंची नजर पक्की होती. खराटा इथे कोपऱ्यातली वस्तू नाही, रंगमंचावरचं पात्र आहे. माणूस नाही, पण माणसाचं काम सगळीकडे आहे: झाडायचा खराटा, अंधारात न्यायचा कंदील, घोड्याला घालायचा लगाम. मजकुरात टॅल्बट डच चित्रकारांचा आधार घेतो. रोजच्या, घरगुती गोष्टी चित्राचा विषय होऊ शकतात हे त्यांनी दाखवून दिलंय, चित्रकाराची नजर थबकते तिथून सामान्य माणूस सरळ पुढे निघून जातो, असं त्याचं म्हणणं. कपबश्यांच्या चित्रात ज्याने कलाकुसरीला शिवूही दिलं नाही, तोच माणूस तीन चित्रांनंतर इथे सावलीच्या कोनापर्यंत सगळं जुळवतो. पुरावा हाही उपयोग, आणि चित्र हाही उपयोग. कुठला खरा, या वादात तो शिरत नाही. छायाचित्र कला की नोंद, या प्रश्नावर पुढे जी रणं माजली ती पाहता त्याचं हे मोकळं मन फार मोलाचं वाटतं.

दहाव्या चित्रातल्या गवताच्या गंजीचं तर काय सांगावं! कापून घेतल्यामुळे एका बाजूला कड्यासारखी उभी झालेली प्रचंड गंज, तिला टेकवलेली शिडी आणि शिडीची काळी, ठसठशीत सावली. बाकी सगळं गवत. काडी न् काडी. टॅल्बट म्हणतो की असले असंख्य बारकावे कुठलाही चित्रकार काढत बसणार नाही, तो एकंदर परिणाम साधून मोकळा होईल. पण त्यांनीच चित्राला खरेपणा येतो आणि कधी कधी अनपेक्षित वैविध्यही मिळतं. मला यातला ‘कधी कधी’ महत्त्वाचा वाटतो. बारकावे आले म्हणजे चित्र चांगलं झालं असा त्याचा दावा नाही. इथे शिडीची ती ठाम तिरपी रेघ नसती तर गवताच्या काड्या डोळ्याला टोचल्या असत्या. रेघ आहे म्हणून त्या काड्या पाहायला आपल्याला सवड मिळते.

बाकीच्या चित्रांपैकी काहींवरून मी भरभर जातो. पॅट्रोक्लस या ग्रीक वीराच्या प्लॅस्टरच्या अर्धपुतळ्याला पुस्तकात दोनदा जागा मिळालीय, कारण तो पांढरा आहे आणि हलत नाही. तिथली एक सूचना मात्र सांगायलाच हवी. पुतळ्याची सावलीतली बाजू अगदी काळी पडू नये म्हणून तिच्यापासून थोड्या अंतरावर पांढरं कापड धरावं, म्हणजे ऊन त्यावरून उलटून हलकेच त्या बाजूवर पडतं. लग्नाच्या हॉलबाहेर नवरीच्या चेहऱ्याशी थर्माकोलची शीट धरून उभा असलेला फोटोग्राफरचा पोऱ्या आपण सगळ्यांनी पाहिलाय. युक्ती तीच. जिवंत माणसं २४ पैकी एकाच चित्रात आहेत, ‘द लॅडर’मध्ये. माणूस हलला की पुसट होतो आणि काही क्षण दगडासारखं उभं राहणं कुणालाच सोपं नव्हतं. लेसचं चित्र कॅमेऱ्याशिवाय, लेस थेट कागदावर ठेवून केलेलं. लेसचंच असं एक आधीचं चित्र काही लोकांना थोड्या अंतरावरून दाखवलं तेव्हा ही लेसच आहे, आम्हाला फसवू नका, असं ते म्हणाले, ही हकिकत टॅल्बट मोठ्या हौसेने सांगतो.

या प्रती रेडिंग गावातल्या ज्या कारखान्यात तयार व्हायच्या, तो चालवणारा निकोलास हेनेमान पूर्वी टॅल्बटच्याच घरी नोकर होता. चौकटीत निगेटिव्ह आणि कागद दाबून उन्हात ठेवायचे, उमटलं की हायपो या रसायनात स्थिर करायचं, मग भरपूर पाण्यात धुवायचं. ढग आले की काम थांबलं. धुण्यात कसर राहिली की चित्र फिकं पडू लागलं, आणि अनेक प्रतींचं तसं झालंही. प्रकाशाने घडवलेली, कुणा चित्रकाराचा हात न लागलेली ही चित्रं आहेत असं वाचकाला बजावून सांगणाऱ्या पुस्तकाची चित्रंच विरत गेली, याची हळहळ वाटते. अधिक चित्रांचा बेत होता, तो २४ वर थांबला.

पण टॅल्बट कॅमेऱ्याच्या ताकदीइतकंच त्याच्या आंधळेपणाकडेही नीट पाहतो. काचेच्या भांड्यांच्या चौथ्या चित्राजवळ त्याने रंगांविषयी लिहिलंय. निळा रंग कागदावर पांढऱ्याइतकाच झटपट उमटतो, हिरव्याचा परिणाम मात्र फार मंद. त्यामुळे पांढुरकी इमारत आणि हिरवी झाडं एकाच चित्रात नीट उतरत नाहीत. ही अडचण किती खोल होती ते कळायला महाराष्ट्रात यावं लागतं. ‘द पेन्सिल ऑफ नेचर’चा पहिला भाग निघाला त्याच १८४४ साली रॉबर्ट गिल या मद्रासच्या फौजेतल्या अधिकाऱ्याची अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षं लेण्यांत राहून त्याने मोठमोठ्या कॅनव्हासांवर तैलरंगांत नकला केल्या. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला आणि १८६४ मध्ये स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याच्या ७४ छायाचित्रांचं लेण्यांवरचं पुस्तक निघालं. दगडात कोरलेल्या स्थापत्याला कॅमेरा पुरेपूर न्याय देत होता. भिंतीवरच्या गेरूला, तांबड्याला, पिवळ्याला मात्र तेव्हाचं रसायन दाद देत नव्हतं. ते सगळं काळंच येणार, आणि त्यात लेण्यातला काळोख. डिसेंबर १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेले गिलचे कॅनव्हास जळाले. निगेटिव्हवरून दुसरी प्रत काढावी तशी त्यांची सोय नव्हती. काम पुन्हा मुळापासून करावं लागलं, तेही हातानेच: १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात बसले ते १८८५ पर्यंत, कुंचला आणि रंग घेऊन.